पारखी बदामी

रंगाच्या दुकानात त्याला सगळे पारखी म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. गिऱ्हाइकाने कापडाची चिंधी आणावी, फुटक्या बशीचा तुकडा आणावा, एकाने तर मेलेल्या पोपटाचं पीस आणलं होतं. पारखी ते उजेडात धरायचा, एक डोळा बारीक करायचा, डब्यात चार थेंब याचे आणि दोन थेंब त्याचे टाकायचा आणि असा रंग काढून द्यायचा की पोपट जिवंत असता तर भिंतीशी गप्पा मारत बसला असता. बावीस वर्षांत 'जमणार नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते.

त्याच्या सगळ्या रंगांचा राजा म्हणजे 'पारखी बदामी', आणि त्याचा जन्म पारखीच्याच बाथरूममध्ये झाला होता. अकरा वर्षांपूर्वी कोणाचं तरी वापरलेलं घर त्यांनी घेतलं. पहिल्या दिवशी शॉवरखाली उभा राहून पारखी टाइल्सकडे बघतच राहिला आणि आंघोळ विसरला. खाली गडद, वर जावं तसा फिका, कोपऱ्यात किंचित शेवाळी झाक. असा रंग यंत्राला काढता येत नाही, हे हातचं काम आहे, असं त्याने बायकोला समजावलं. बायकोने मग त्या रंगाला शोभेलसा पडदा घेतला, बादली, तांब्या आणि पायपुसणंही घेतलं. पारखीने तो रंग डब्यात उतरवला आणि हॉलला दिला. शेजाऱ्याने मागितला, मग गल्लीने मागितला, मग दुकानाच्या मालकानेही आपला दिवाणखाना त्यातच रंगवून घेतला.

एक गोष्ट मात्र त्याला खटकायची. दर दोन-तीन वर्षांनी हॉलची भिंत टाइलशी ताडून पाहिली की भिंत फिकी दिसायची. पारखी रंगाच्या कंपनीला दोन शिव्या हासडायचा आणि काळ्याचा एक थेंब वाढवायचा. असे बदामी एक, बदामी दोन, बदामी तीन झाले. टाइल काही फिकी पडत नव्हती. पक्का रंग कशाला म्हणतात ते बघा, असं तो पाहुण्यांना बाथरूमच्या दारात उभं करून सांगायचा, आणि पाहुणे भक्तिभावाने आत डोकावायचे.

आता कंपनीने हा रंग आपल्या छापील शेड कार्डावर, म्हणजे रंगांच्या नमुन्यांच्या कागदावर, घ्यायचं ठरवलं होतं. पारखीच्या नावासकट, आणि सोबत मूळ टाइलचा फोटो. रविवारी सकाळी दहाला मालक फोटोवाल्याला घेऊन येणार होते. बावीस वर्षं दुसऱ्यांचे रंग कालवणाऱ्या माणसाचं नाव कागदावर येणार, म्हणून पारखीने बुधवारीच केस कापून घेतले.

आणि बुधवारीच सासूबाई आल्या. गुडघ्याच्या व्यायामासाठी आठ दिवस राहणार होत्या. तीस वर्षं त्यांनी मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात काढलेली. कुठला डाग कशाने पडला आणि कशाने जाईल, हे त्या चादर न उलगडता सांगायच्या. पहिली आंघोळ करून त्या बाहेर आल्या आणि त्यांनी जावयाकडे नीट बघून घेतलं. गुरुवारी तो दुकानात गेल्यावर त्यांनी मुलीकडे पांढरं व्हिनेगर, भांडी घासायचं लिक्विड आणि टाकून द्यायला काढलेला टूथब्रश मागितला.

दुपारी पारखी जेवायला आला, हात धुवायला आत गेला, आणि नळ तसाच वाहता ठेवून भिंतीशी धावला. छातीच्या उंचीवर, बशीएवढी जागा पांढरीफटक पडली होती.

"आई, तुम्ही टाइलचा रंग उडवलात," तो बाहेर येऊन म्हणाला. आवाज जावयाला शोभेल इतपतच चढवला होता.

सासूबाईंनी आपलं बोट त्याच्यासमोर धरलं. "रंग नखात येत नाही, जावईबापू."

नखात होता तो बदामी तीन. एका थेंबाचाही फरक नव्हता. पण माणसाला जे बघायचं नसतं ते त्याला दिसत नाही, मग तो पारखी का असेना. जुन्या टाइलचं झिलई सोडणं, हवेतला दमटपणा, असं बरंच काही बोलून तो जेवला. संध्याकाळी दुकानातून परतताना खिशात एक बाटली घेऊन आला. तीत बदामी तीन होता, ऑइल पेंटमध्ये कालवलेला. दार लावून त्याने ती पांढरी बशी रंगवून टाकली. दोन पावलं मागे सरून बघितलं, तर कुठे रंगवलंय ते त्याचं त्यालाच सापडेना. त्याला स्वतःचा इतका अभिमान वाटला की रंग वाळायला वेळ लागतो ही साधी गोष्ट तो विसरला.

शुक्रवारी सकाळी आंघोळीत साबण पायाखाली आला. पारखी घसरला आणि पाठ टेकून सावरला. बनियन घालायला बाहेर आला तेव्हा बायको मागेच उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "आता तुम्हीही मॅचिंग झालात."

पाठीवर बशीएवढा बदामी गोल होता. बायकोने आईला हाक मारली. दोघी मिळून त्याच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग रॉकेल आणायला गेल्या. पाठ पुसताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, की डोळे एवढे चांगले आहेत तर उद्या सुट्टीच्या दिवशी एक टाइल स्वतःच घासून बघा. मग मी एक शब्द बोलणार नाही.

शनिवारी त्याने घासली ती त्यांना खोटं पाडायला. सासूबाईंनी खिडकी उघडायला लावली, ब्लीचची बाटली घराबाहेर ठेवायला लावली, कारण व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वाफ होते. मग कोमट व्हिनेगरमध्ये तेवढंच लिक्विड घालून फवारलं आणि अर्धा तास स्टुलावर बसून राहिल्या. शॉवरच्या तोंडाला त्यांनी व्हिनेगर भरलेली पिशवी रबरबँडने बांधली होती. ती सलाइनसारखी लोंबत होती.

पारखीने ओला स्पंज खायच्या सोड्यात बुडवून टाइलवर एकदा फिरवला. तपकिरी ओघळ खाली उतरला, आणि मागून निळ्या रंगाची एक चोच बाहेर आली.

तो थांबला. मग त्याने चोचीमागचं डोकं घासून काढलं, मग पंख. अंगठ्याएवढा पक्षी होता, एकाच फटकाऱ्यात काढलेला, पांढऱ्यावर निळा. पारखीने श्वास रोखून शेजारची टाइल घासली. ती नुसतीच पांढरी. त्याच्या पलीकडे पुन्हा पक्षी, पण हा मान वळवून मागे बघणारा. अकरा वर्षं हे सगळे त्याच्या पाठीला चोच लावून उभे होते.

त्यानंतर पारखी जेवलाही नाही. गुरुवारी रंगवलेला गोल रॉकेलने पुसला, टूथब्रशने फटी घासल्या, गुडघ्यांवर बसला, स्टुलावर चढला. बायको जेवायला बोलवायला आत आली आणि तीही पक्षी बघू लागली. तिसऱ्या ओळीत एक पक्षी उडत होता, चौथीत त्याच्या चोचीत काडी होती. म्हणजे वरती कुठेतरी घरटं असणार, असं बायको कुजबुजली, देवळात बोलावं तसं. तिने पदर खोचला आणि दुसरा स्पंज घेतला. घरटं अगदी छताशी निघालं, त्यात तीन ठिपक्यांएवढी अंडी. दोघं त्याखाली मान वर करून उभी राहिली.

ऊन उतरलं तेव्हा दारामागची एकच टाइल बाकी होती. बदामी. तिथे पारखीला रविवार आठवला.

"ही एक ठेवायची का?" बायकोने विचारलं. "फोटोपुरती."

फोटोला एक पुरली असती. कोणाला काही कळलं नसतं, कार्ड छापून आलं असतं. पारखी त्या टाइलसमोर उकिडवा बसला. एक डोळा बारीक केला. सवयीने त्याला त्यातले थेंब दिसायला लागले: पिवळ्या मातीचे तीन, काळ्याचा एक. मग आणखी दिसलं. खाऱ्या पाण्याचे थर, अकरा वर्षांचा साबण, त्याचं खोबरेल, त्याआधीच्या लोकांचं आणखी काही. आणि हे सगळं आपण गल्लीतल्या सोळा दिवाणखान्यांना लावलंय, हेही दिसलं.

त्याने स्पंज उचलला.

रविवारी दहाला मालक आले. पारखीने त्यांना चहा द्यायच्या आधी बाथरूममध्ये नेलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं: तो रंग नव्हता मालक, मळ होता. बावीस वर्षं पारखी म्हणवून घेतो, आणि मी मळ डब्यात भरून विकला. कार्डावरून माझं नाव काढा.

मालक ऐकत नव्हते. ते पक्षी मोजत होते. फोटोवाल्याने कोणी न सांगताच चपला बाहेर काढल्या होत्या. सासूबाईंनी शॉवरचा नळ फिरवला. इतकी वर्षं तीन वाकड्या धारांनी सतावणारा शॉवर एकदम पंख्यासारखा उघडला, खिडकीतलं ऊन पाण्यात शिरलं आणि भिंतीवरचे सगळे पक्षी हलल्यासारखे झाले. पाचही जण त्या एवढ्याशा बाथरूममध्ये भिंतीला चिकटून बघत राहिले. मालकांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली, ते त्यांनाही कळलं नाही.

"हा पांढरा," मालक शेवटी म्हणाले, "हा काढून देता येईल का? कार्डावर हाच घालू. नाव तुमचंच."

पारखीने हात ओल्या टाइलवर ठेवला. डोळा बारीक केला, मग दोन्ही उघडले. त्या पांढऱ्यात खिडकी होती, पाणी होतं, शेजारच्या निळ्याची पुसट सावली होती, आणि दर क्षणाला ते बदलत होतं.

"जमणार नाही, मालक," तो म्हणाला, आणि म्हणताना लहान मुलासारखा हसला.

मालकांनी मान डोलावली. चहा घेतला, कपाच्या तळाशी बराच वेळ बघत बसले. निघताना दारात घुटमळले, आणि फोटोवाला जिना उतरेपर्यंत थांबले.

"आजी," ते सासूबाईंना हळूच म्हणाले, "आमच्याही बाथरूमचा रंग तोच बदामी आहे. दिवाणखान्याशी अगदी जुळतो म्हणून बायको खूष असते."

सासूबाईंनी त्यांना व्हिनेगरची उरलेली अर्धी बाटली दिली, आणि टूथब्रश जुनाच घ्या म्हणून बजावलं.