पिकअपमध्ये आलेली सीट

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. बटण दाबलं की आपोआप मागेपुढे सरकणारी. आज मी पिकअपमध्ये असले, तरी माझा जन्म एका ऐटबाज मोटारीसाठी झाला. माझ्या मऊ कातड्याचं सगळे कौतुक करायचे. माझ्यावर बसणाऱ्या मालकाचा एक हात स्टीअरिंगवर असायचा, दुसरा शेजारी बसलेल्या बायकोच्या तोंडावर उठायचा. त्या थपडांचा आवाज मला पाठ झाला होता.

एकदा भर रस्त्यात तो ओरडला, "आज तुला संपवतोच!" आणि त्यानं मोटार तिच्या बाजूनं भिंतीवर घातली. तिचा मणका मोडला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. तो तुरुंगात गेला आणि मोटार त्याच्या थोरल्या बहिणीच्या गॅरेजमागे गंजत पडली. उंदरांनी माझा फोम कुरतडला.

बाई सावरली, पोटासाठी पिकअप चालवू लागली. पण त्या गाडीची सीट म्हणजे नुसतं फळकूट. तिची पाठ धरायची. शेवटी नणंदेनं मला उपसून काढलं.

"त्याची सीट आहे. चालेल ना तुला?"

"वन्सं, सीटनं काय घोडं मारलंय?"

माझी बोल्टची भोकं पिकअपच्या भोकांशी जुळेनात. नणंदेनं लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून मला बसवलं, बॅटरीपासून जाड वायर ओढली. मी घुंई करत सरकले, तशा दोघी हसल्या.

सुटून आल्यावर तो थेट गॅरेजात आला. बाई पिकअपमध्येच बसली होती.

"माझ्याच सीटवर मिरवतेस?"

त्यानं खिडकीतून सुरा चालवला. पहिला वार माझ्या पाठीत, दुसरा तिच्या खांद्यात. रक्त माझ्या शिवणीत मुरलं. मग माझ्यामागून हात घालून त्यानं तिचे केस धरले. तिनं बटण दाबलं. माझी चाल गोगलगायीची, पण मी मागे सरकतच राहिले. त्याचा हात माझ्या आणि केबिनच्या मागच्या पत्र्यामध्ये सापडला. हाड कडकन मोडलं, तरी तिचं बोट निघेना.

नणंद पाना घेऊन धावली.

"ताई, मी तुझा भाऊ आहे!" तो किंचाळला.

"म्हणूनच पाना अजून हातात आहे." मग ती हलक्या आवाजात बाईला म्हणाली, "बास. काढ बोट. आता पोलीस बघतील."

माझी पाठ जाड दोऱ्यानं शिवून झाली. बाईचा खांदाही भरला. पण अजून खिडकीशी सावली हलली की तिचं अंग थरथरतं, आणि ते फक्त मला कळतं. मित्रांनो, मला पुसायला विसरलात तरी चालेल. पण असा घाव सोसलेल्या माणसाजवळ जाताना समोरून जा, आणि आधी हाक मारा.