पायाची मशीन

“पायाची मशीन हाये म्हून काय चालत गेली का, हवालदार?” बिस्मिल्लाबीने टेबलावर कुलूप आपटले. कुलपाचा दांडा करवतीने कापलेला होता. कापल्याची जागा अजून चकाकत होती.

“आवाज खाली करा, खाला.” देवमन तायडेने कागदावरून मान वर केली नाही. “लिवलं न मी. शिलाई मशीन एक, गहाळ.”

“गहाळ म्हंजे?”

“म्हंजे दिसून नाई राहिली.”

“दिसून नाई राहिली? मले चष्मा पायजे का मंग?”

बाकावर बसलेले दोघे हसले. देवमन हसला नाही.

अकोल्याच्या त्या ठाण्यात तक्रारी लिहून घ्यायला तोच बसायचा. नोकरीची एकतीस वर्षे झाली होती आणि त्याचे अक्षर छापल्यासारखे होते. ‘चोरी’ लिहिले की गुन्हा दाखल होतो, गुन्ह्याला नंबर पडतो आणि महिन्याच्या तक्त्यात एक आकडा वाढतो. ‘गहाळ’ लिहिले की एक कागद, त्यावर शिक्का, आणि माणूस घरी. तक्त्यात काहीच वाढत नाही. गेल्या वर्षी या महिन्यात चौदा घरफोड्या होत्या. यंदा तेरा झाल्या होत्या, महिन्याचे चार दिवस बाकी होते, आणि एक तारखेला साहेबांना अमरावतीच्या बैठकीत आकडे वाचायचे होते. सकाळी जीपमध्ये बसताना ते म्हणाले होते, “तायडे, तेरावर थांबा.” जणू अकोल्यातले चोर तायडेच्या हाताखाली होते.

“हे पाहा,” बिस्मिल्लाबी म्हणाली, “मशीन माही नोहे. बचत गटाची हाये, बारा बायांची. माह्या खोलीत ठेवेल होती. आता पार्बताबाई, आमची अध्यक्ष, म्हनते का तूच इकली. चोरीचा कागद आनजो, मंगच गटात बसजो, म्हने. तुमचा हा गहाळचा कागद नेला त काय होईन? बिस्मिल्लाबीनं हरपवली, नाई त इकली. दोन्हीकून मीच चोर.”

“कोनावर संशय हाये?”

“तुमच्यावर.”

संगणकावर बसलेल्या महिला शिपाई भावनाची बोटे थांबली. देवमन खुर्ची मागे ढकलून उठला.

“तोंड सांभाळ, बाई. सरकारी कामात अडथळा म्हून गुन्हा टाकीन तुह्यावर.”

“आस्सं! तो गुन्हा येते वाटते तुमाले लिवता?”

बाकावरचे दोघे आता जमिनीकडे पाहत होते. देवमनने कागद तिच्यापुढे सरकवला आणि शाईचा पॅड उघडला.

“अंगठा लावा अन् निघा.”

“सही येते मले. उर्दूत येते, मराठीत येते. पन ह्याच्यावर नाई करत.”

ती गेली. कागद राहिला, कुलूपही राहिले.

“हे मालखान्यात जमा कर,” देवमन भावनाला म्हणाला.

“गुन्हा नंबर सांगा, दादा.”

“नंबर नाई.”

“मंग पुरावा कायचा? भंगार हाये ते.”

त्याने कुलूप ड्रॉवरमध्ये टाकले. महिना तेरावर थांबला. अमरावतीहून साहेब संत्र्यांची पेटी घेऊन आले. देवमनच्या वाट्याला दोन संत्री आली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी तो निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या ओमप्रकाशला चार्ज देताना त्याने ड्रॉवर रिकामा केला आणि यादी लिहिली. शिक्के तीन. शाईचा पॅड एक. कापलेले कुलूप एक, चोरीतले.

ओमप्रकाशने ओळीवर बोट ठेवले. “कोनत्या चोरीतलं, दादा? नंबर टाका न.”

देवमनने ती ओळ खोडली. शाल, नारळ आणि कुलूप एकाच पिशवीत घेऊन तो बाहेर पडला आणि घरी न जाता बिस्मिल्लाबीच्या गल्लीत गेला.

ती खोलीच्या पायरीवर बसून ब्लाउजला हाताने हूक लावत होती. दारावर गटाची पाटी जिथे होती तिथे दोन खिळे उरले होते. पाटी आता समोरच्या घरावर होती. त्या घरातून बायकांचे बोलणे ऐकू येत होते. तिकडून कुणी तिच्याकडे पाहत नव्हते.

साध्या कपड्यांत तिने त्याला लगेच ओळखले नाही. ओळखल्यावर पुन्हा सुईकडे पाहू लागली.

“खाला, तुमचं कुलूप.”

“आता काहून आनलं?”

“रिटायर झालो आज.”

“मंग?”

“चोरीच होती ते. मले मालूम होतं.”

“कोठी लिवलं?”

कुलूप धरलेला हात देवमनने पुढेच ठेवला होता.

“माहं नोहे ते,” बिस्मिल्लाबी म्हणाली. “माहं त गहाळ झालं.”

तिने दाताने दोरा तोडला आणि पुढचा हूक घेतला. तिच्यामागे दार उघडेच होते. आत फरशीवर मशीनच्या चार पायांचे गंजाचे डाग होते. घासून घासून भोवतालची फरशी पांढरी झाली होती, पण डाग गेले नव्हते.