मौनाचा आठवडा

उदयसिंहनं चहाचे दोन कप टेबलावर ठेवले आणि ते बहिणीपुढं सरकवले.

"ह्यो फिक्सचा, ह्यो फ्लोटिंगचा," तो म्हणाला. "तुला पायजे त्यो उचल आणि पी. मी काय विचारलं न्हाई, तू काय सांगितलं न्हाईस."

प्रियदर्शनीनं हात मांडीवरच ठेवले.

देशाच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर ठरवणाऱ्या समितीवर ती दोन वर्षं होती. आज रविवार होता, बुधवारी बैठक सुरू होणार होती. बैठकीआधीच्या आठवड्यात सभासदांनी दराबद्दल कुणाशीही अवाक्षर काढायचं नाही असा नियम, आणि प्रियदर्शनी तो जरा जास्तच पाळायची. अशा आठवड्यात भाजी महागली का यावरही तिचं मत नसे. यंदा पाऊस कसा काय, असं रिक्षावाल्यानं विचारलं तरी ती रस्त्याकडं बघत बसायची.

"उदय, हा खेळ नाही."

"खेळ कुठला? गगनबावड्याकडं मामाच्या गावात देवीला दोन फुलं लावून कौल मागायचे की. देवी कुठं बोलती?"

स्वयंपाकघरातून त्याची बायको दीप्ती म्हणाली, "अहो, सोडा की वन्संना. दोन दिवसांसाठी आल्यात."

"आलीया म्हणूनच विचारतोय. बँकेचा माणूस रविवार असून फोनची वाट बघत बसलाय."

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्यानं शेड घेतली होती. आठवडाभरात दोन मोठी मशीनं यायची होती, आणि त्यांच्या कर्जाला हे राहतं घर तारण होतं. व्याज फिक्स घेतलं तर आजपासूनच सव्वा टक्का जास्त. फ्लोटिंग घेतलं तर आज स्वस्त, पण समितीनं दर वाढवला की हप्ताही वाढणार.

समितीतला प्रत्येकजण आपापल्या परीनं पुढच्या वर्षाची वाट आखतो. तेलाचे भाव, पाऊसपाणी, रुपयाची घसरण, लोकांच्या हातातला पैसा, सगळं समोर मांडायचं आणि दर कुठवर न्यावा लागेल याचा अंदाज बांधायचा. अंदाज चुकतात, भल्याभल्यांचे चुकतात. पण प्रियदर्शनीचा शुक्रवारीच पक्का झाला होता: या बैठकीत एक वाढ, आणि वर्षभरात आणखी तीन. तेवढ्या वाढीनंतर उदयसिंहचा हप्ता कुठं जाईल, हे तिच्या डोक्यानं तिला न विचारताच काढलं. शेडला तो पेलणारा नव्हता.

एक कप उचलायचा, एवढंच होतं. आपल्याला आत्ता वाईट वाटायला हवं, असा विचार तिच्या मनात आला. वाईट मात्र वाटलं नाही. बधिर दातावरून जीभ फिरवावी तसं झालं. चहावर साय धरली. उदयसिंह गालाला हात लावून तिच्याकडं बघत होता. लहानपणी ती अभ्यासाला बसली की तो असाच समोर येऊन बसायचा.

मग तो हसला.

"कळलं."

"काय कळलं?"

"वाढणार असतं तर तू मला असं बसू दिलं असतंस व्हय? नियम गेला खड्ड्यात म्हणून फिक्सचा कप उचलला असतास. बहीण हायस तू माझी." त्यानं फोन कानाला लावला.

तसं समजू नकोस, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण तेवढं म्हणणंही सांगणंच झालं असतं.

"साहेब, फ्लोटिंगच करा," तो फोनवर म्हणाला. "व्हय, पक्कं."

दीप्तीनं दोन्ही कप उचलून नेले आणि चहा मोरीत ओतला.

बैठकीच्या शेवटच्या दिवशी तिची पाळी आली तेव्हा तिनं वाढीच्या बाजूनं मत दिलं. कारणं नीट, एकामागून एक मांडली. दुपारपर्यंत निर्णय जाहीर झाला आणि ही वाढ शेवटची नसावी, असं टीव्हीवरचे जाणकार सांगू लागले. ती मुंबईच्या फ्लॅटवर परतली, फ्रिजमधला दहीभात काढला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. तेवढ्यात उदयसिंहचा फोन आला.

"ताई, बघितलं मी टीव्हीवर."

"हं."

"मशीनं आल्यात. उतरवायचं चाललंय बघ." पलीकडं माणसांचा आरडाओरडा चालू होता. तो जरा बाजूला गेला असावा, कारण आवाज कमी झाला. "दीप्ती म्हणती, वन्संना सगळं ठाऊक असणार. मी म्हटलं, येडी हायस का तू. तिला ठाऊक असतं तर ती गप्प बसली असती का?"

प्रियदर्शनीनं ताटली ओट्यावर ठेवली.

"रविवारी तुला ठाऊक नव्हतं न्हवं, ताई?"

मुंबईत पंचवीस वर्षं काढल्यावर तिच्या तोंडातून घरची बोली गेली होती. कोल्हापुरात आली तरी ती पुस्तकातल्यासारखंच बोलायची, आणि त्यावरून उदयसिंह तिला चिडवायचा.

"न्हाई रे," ती म्हणाली. "मला कुठलं ठाऊक असतंय."

"तेच म्हटलं मी तिला," उदयसिंह म्हणाला, आणि क्रेनवाल्याला आणखी थोडं डावीकडं घ्यायला सांगू लागला.