ओरिएनं न काढलेलं अक्षर

मी मथळ्याचा टाइप, म्हणजे छपाईचा अक्षरसंच, बोलतोय. ओसाकातलं वर्तमानपत्र उघडलं की सकाळी तुम्ही आधी मला वाचता, बातमी मागाहून. माझी अक्षरं तीन हजार आठशे; जपानी माणसाला एवढी लागतातच. आई मात्र एकच, ओरिए.

बाप म्हणून नाव लागतं ते कुशिबिकी गुरुजींचं. त्यांनी पहिली बारा अक्षरं काढली आणि चहा प्यायला म्हणून उठले, ते नऊ वर्षांनी सत्कारालाच उगवले.

ती नऊ वर्षं ओरिए हात ढळू नये म्हणून खाचेच्या पट्टीवर काचेची कांडी सरकवत, तिच्या जोडीनं धरलेल्या कुंचल्यानं रेघा ओढत होती. आडवी रेघ केसासारखी, उभी खांबासारखी. आडवीच्या टोकाला माशाच्या खवल्याएवढा टोकदार त्रिकोण. दाट अक्षरांच्या पोटात तिनं वारा खेळेल एवढी जागा ठेवली, म्हणून शाई कितीही थापा, मी गुदमरत नाही. असलं रूप फुकट मिळत नसतं. तिची मान कायमची वाकडी झाली.

मग माझं प्रदर्शन ठरलं आणि तिथंच गुरुजींचा सत्कार. दारावर गुरुजींचं नाव माझ्याच अक्षरांत हवं होतं. पण त्या नावातलं एक अक्षर इतकं आडवळणी, की ते माझ्यात नव्हतंच.

"ओरिए-सान, तेवढं एक काढून द्या," टाइप बनवणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक त्सुबोउची म्हणाले.

"काढते. खाली माझंही नाव घाला."

"अहो, सुनेनं भात चांगला रांधला म्हणून दारावर सुनेची पाटी लावतात का?"

"मग सासऱ्यालाच रांधू दे!" तिनं कुंचला धुऊन ठेवला. "सांगा गुरुजींना, तेरावं काढा म्हणावं."

गुरुजींना ते जमलं नाही. शेवटी त्सुबोउचींनी दुसऱ्याच टाइपातलं अक्षर आणून दडपलं. ठेंगणं, फुगीर, खवला बोथट. म्हटलं, आता अब्रू जाणार यांची. ओरिएही तेवढंच बघायला आली आणि गर्दीच्या मागे उभी राहिली.

रसिक जमले. चष्मे पुसले. एक म्हातारे संपादक नेमके त्याच अक्षरापाशी थांबले.

"वा! इथं दिसतो बघा खरा गुरुजींचा हात!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजी कमरेत वाकले. "छे छे, अजून शिकतोच आहे."

ओरिएनं ते ऐकलं. छत्री उचलली आणि चालती झाली. आता बाजारात लोणच्याच्या दुकानी मुळे चिरते. कुंचला पुन्हा धरला नाही.

मी रोज छापला जातो. माझ्यातलं परकं अक्षर ओळखता येत नसेल, तर एक कृपा करा. मला सुंदर म्हणू नका.