मिसळलेले कळप

त्या वर्षी सोन्याने माणसं वेडी केली होती. उत्तरेच्या डोंगरात सोनं सापडल्याची बातमी आली आणि ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या कुरणांवरचे मेंढके एकेक करून काठ्या टाकून पळाले. एल्स्पेथ रेनीकडचे दोघे तर हिवाळ्याच्या तोंडाशीच गेले. ती फार हळहळली नाही. तिचा नवरा रॉरी जाऊन सहा वर्षं झाली होती. कुणाच्या भरवशावर बसायची सवय कधीच मोडली होती. तिने काठी उचलली आणि नारिनला म्हणाली, "आता आपणच."

नारिन त्या मुलखातल्या मूळ लोकांपैकी. तिच्या आईची आई ह्या ओढ्याच्या काठी जन्मली होती. ती आणि तिचा नवरा तीन वर्षांपासून रेन्यांची मेंढरं वळत होती, आणि कुठलं मेंढरू उद्या लंगडणार हे तिला आजच कळे.

सप्टेंबरातल्या, म्हणजे तिथल्या वसंतातल्या, एका सकाळी धुकं विरलं तर ओढ्याकाठी मेंढरंच मेंढरं. एल्स्पेथने डोळे चोळले. आपली नऊशे, ही तर दुपटीहून जास्त! ज्यांच्या डाव्या पुठ्ठ्यावर डांबराचं वर्तुळ ती तिची. बाकीच्यांच्या उजव्या पुठ्ठ्यावर फुली होती.

"फुलीवाला येईल आता," नारिन म्हणाली. "तोंड धुऊन घे. भांडायला लागेल."

फुलीवाला म्हणजे पलीकडचा मॅथ्यू ट्रेविन. ओढ्याच्या वळणावरची दगडाळ जमीन कुणाची, ह्यावरून त्याचं आणि रॉरीचं वाजलं होतं. रॉरी तापाने फणफणलेला असताना ट्रेविनने बैल जुंपून वळणाच्या अलीकडून नांगराचं तास ओढलं आणि हीच आपली हद्द म्हणून जाहीर केलं. त्याच हिवाळ्यात रॉरी गेला. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

ट्रेविन आला तो पायी, गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात टोपी. साठीकडे झुकलेला, काटकुळा माणूस.

"रेनीबाई," तो म्हणाला, "माझा मेंढका रात्री पळाला. घोडाही घेऊन गेला."

"आणि मेंढरं माझ्याकडे पाठवून दिलीत वाटतं?"

"त्यांना काय कळतं हद्द?"

"तुम्हाला मात्र फार कळते," एल्स्पेथ म्हणाली.

ट्रेविनने टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, "वेगळी तर करायला हवीत. माझ्याकडे माणूस नाही. मी आहे तेवढा आहे."

तो आहे तेवढा चालणार होता. दुसरं होतं कोण? चौघांनी मिळून ताट्या ठोकल्या आणि एक मेंढरू जाईल एवढी चिंचोळी वाट केली. वाटेच्या टोकाला एल्स्पेथने एक फळी दोन्ही बाजूंना फिरेल अशी बसवली. नारिनचा नवरा कुत्र्याला घेऊन मागून हाकत होता. वर्तुळ दिसलं की फळी उजवीकडे, फुली दिसली की डावीकडे. धुळीने डोळे भरून आले, मेंढरांच्या ओरडण्याने कान किटले. ट्रेविन एकदा सपशेल आडवा झाला आणि त्याच्या पाठीवरून सतरा मेंढ्या गेल्या.

"मोजल्या का?" नारिनने विचारलं.

"वर्तुळं होती सगळी," तो उठत म्हणाला. "माझी असती तर बाजूने गेली असती."

एल्स्पेथला हसू आलं, पण तिने ते गिळलं.

खरी पंचाईत कोकरांची होती. पाचशेच्या वर कोकरं, पाच-सहा आठवड्यांची. एकाच्याही कानाला खूण नाही, पुठ्ठ्यावर डांबर नाही.

"निम्मी निम्मी करू," ट्रेविन म्हणाला.

"तुमच्या मेंढ्या जास्त, हे विसरू नका. उद्या म्हणाल विधवेने लुबाडलं. आणि आईवाचून कोकरू जगतं का? तुमचं माझ्या मेंढीला पाजायला लावाल?"

"मग तुम्हीच सांगा."

नारिन ताटीवर रेलून दोघांकडे बघत होती. "तुम्ही दोघं गप्प बसा म्हणजे होईल," ती म्हणाली. "कोकरं उद्या सकाळपर्यंत इथेच ठेवा, उपाशी. सकाळी आधी वर्तुळवाल्या सोडा, थोड्या थोड्या. आई पोराला शोधते. जे कोकरू पिऊ लागेल त्याचा डावा कान कापा. मग फुलीवाल्या, त्यांच्या कोकरांचा उजवा कान."

एवढं सोपं आपल्याला कसं सुचलं नाही, असं दोघांच्याही तोंडावर आलं.

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. मेंढ्या आत शिरत, एका मागून एक कोकरू हुंगत, नको असलेल्याला डोक्याने ढकलून देत, आणि आपलं सापडलं की एकदम थबकत. कोकरू गुडघे टेकून आचळाला लागे, शेपूट थरथरे. एल्स्पेथ कान कापी, ट्रेविन कोकरू धरी. काम असं, की डोकं जवळ आणावंच लागे. दुपार होत आली तेव्हा एल्स्पेथ वर न बघताच म्हणाली, "रॉरीला पुरलं त्या दिवशी तरी तुम्ही यायला हवं होतं."

"आलो होतो."

तिचा हात थांबला.

"ओढ्याला पूर होता," ट्रेविन म्हणाला. "घोडा पाण्यात शिरेना. मातीचं सगळं उरकेपर्यंत पलीकडे उभा होतो. तुम्हा सगळ्यांची माझ्याकडे पाठ होती."

"मग पाणी उतरल्यावर यायचं."

"तेव्हा लाज वाटली. तो तापात पडलेला असताना मी ते तास ओढलं. मरणार हे ठाऊक असतं तर..." त्याने कोकराचे पाय सोडले आणि पुन्हा धरले. "ठाऊक नव्हतं, एवढंच."

एल्स्पेथने चाकू पुसला. सहा वर्षं तिने मनात ह्या माणसाशी भांडणं केली होती आणि प्रत्येक वेळी जिंकली होती. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"नीट धरा," ती म्हणाली, "हलतंय ते."

संध्याकाळी नऊ कोकरं उरली, ज्यांना कुठलीच आई घेईना. ती एल्स्पेथने चुलीपाशी नेली. सगळ्यांनी मटण, राखेत भाजलेली भाकरी आणि साखर घातलेला काळा चहा घेतला. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना दोन कळप, वेगळे, शांत.

आणि मग ट्रेविनच्या लक्षात आलं. "वेगळी केली खरी," तो म्हणाला, "पण उद्या माझी वळणार कोण?"

एल्स्पेथ त्याच्याकडे बघत राहिली आणि ह्या वेळी तिला हसू आवरेना. ट्रेविनही हसला, आधी कसनुसा, मग खोकला येईपर्यंत.

"दोन दिवस मर मर मेलो," तो म्हणाला, "आणि पुन्हा एकत्रच करायची!"

"आता खुणा आहेत," एल्स्पेथ म्हणाली. "लोकर कातरायच्या वेळी काय ते वेगळं करू. एक कळप, दोन घरं. नारिन, जमेल?"

नारिनने नवऱ्याकडे पाहिलं, त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलली आणि मग म्हणाली, "पीठ, चहा, साखर दोन्ही घरांतून. आणि वळणावरची जमीन."

"ती कशाला?" ट्रेविनने विचारलं.

"तिथे पिवळ्या फुलांची मुळं आहेत. आम्ही खातो ती. बाकी सगळीकडची तुमच्या मेंढरांनी उकरून खाल्ली. तिथे दगड आहेत म्हणून वाचली. तिथे मेंढरू जायचं नाही. बायका खणायला आल्या की कुत्री सोडायची नाहीत." शेवटचं ती ट्रेविनकडे बघून बोलली.

ट्रेविनचा चेहरा लाल झाला. "त्या जमिनीसाठी मी आणि रॉरी किती वर्षं..." तो म्हणू लागला.

"माहीत आहे," नारिन म्हणाली. "आम्ही बघत होतो. गंमत वाटायची. माझ्या आईच्या जमिनीवर दोन परके भांडतात."

चुलीपाशी एक कोकरू बें बें करू लागलं.

"माझी हरकत नाही," एल्स्पेथ म्हणाली. "रॉरीची असती. पण तो नाही."

ट्रेविनने उरलेला चहा एका घोटात संपवला. "माझीही नाही," तो म्हणाला, आणि कुणी ऐकलं नसेल म्हणून पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाला.

महिन्याभराने वळणावर फुलं उमलली. वीसेक बायका आणि पोरं खणायच्या काठ्या घेऊन आली, आठवडाभर राहिली. ट्रेविनने कुत्री घरी बांधून ठेवली होती. पुढे नऊ वर्षं, तो कुरण विकून मेलबर्नला लेकीकडे जाईपर्यंत, वळणावर मेंढरू गेलं नाही. नव्या मालकाने पहिल्याच आठवड्यात तिथे कुंपण घालून बायकांची वाट अडवली. एल्स्पेथ त्याच्याशी भांडायला पायी गेली. नारिन तिच्या बरोबर होती.