निलम्माचा हंडा माझ्या डोक्यात

मी मोटार बोलतेय. चिटगुप्पा ते गुलबर्गा तुरीची पोती आणि माणसं वाहिलेली, गुंडेरावांची मोटार. माझं मडगार्ड लोंबतंय म्हणून हसू नका. माझ्या डोक्यात काय आहे ते कळलं तर पागोटं काढाल!

जन्म माझा सातासमुद्रापलीकडचा, पण इथला रस्ता शिकवला तो ड्रायव्हर गुरुपादय्यानं. चढ आला की थाप मारून "चल अक्का" म्हणायचा. बैलाला गोंजारणारी माणसं मोटारीला मात्र लाथा घालतात. हा त्यातला नव्हता.

जगभरच्या लढाईच्या दिवसांत, एका शुक्रवारी, गावाजवळच्या चढावर माझं पाणी उकळलं आणि वाफेचा लोट उठला. इंजिन आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली पाणी धरून ठेवणारी पातळ पत्री, गॅस्केट, फाटली होती. लढाईपायी नवी हैदराबादेतही मिळत नव्हती. गुंडेराव येऊन बघून गुरुपादय्याला म्हणाले,

"अय्या, सोमवारच्या बाजाराला चालू झाली तर ठीक. न्हाई तर भंगारवाल्याला बोलवायलो."

गुरुपादय्यानं तांब्याच्या पत्र्याची गॅस्केट करायचं ठरवलं. ड्रायव्हर लोक हेडला डोस्कंच म्हणायचे. त्यानं एका गाडीवानाकडून घरी निरोप धाडला, "डोस्कं फुटलंय, तांबं पाठव."

थोड्या वेळानं त्याची बायको निलम्मा धावत आली. हातात पाण्यानं भरलेला तांब्या, पदरात हळद!

"कुठं फुटलंय?" तिनं नवऱ्याचं डोकं चाचपलं. "धड तर हाय की!"

"माझं न्हाई, हिचं. आन् मी तांबं म्हणलो होतो, तांब्या न्हाई!"

ती आधी रडली, मग हसली, मग चिडली. पण घरी जाऊन माहेरचा तांब्याचा हंडा घेऊन आली.

"आईनं दिलेला हाय गं," तो म्हणाला.

"आईनं पाणी धरायलाच दिलाय. हितं बी पाणीच धरायचंय न्हवं?"

अंबाजी तांबटानं हंडा कापला, ठोकून सपाट केला, भोकं पाडली. "आता भट्टीत ताव देऊ," तो म्हणाला. पण गुरुपादय्याला घाई. शिवाय मोटारीच्या स्प्रिंगांचे पोलादी पाटे तापवून पाण्यात घातले की कडक होतात, हे त्यानं पाहिलेलं; तांबंही तसंच होईल असं त्याला वाटलं. ऐकतो कशाला? गॅस्केट तशीच बसवली. रविवारी मला चालू केलं, तर चारी बाजूंनी पिचकाऱ्या! मी घाबरले, खोटं कशाला बोलू?

"अय्या," अंबाजी म्हणाला, "लोखंडाची अक्कल तांब्याला लावू नका. तांबं लाल करून पाण्यात घातलं की मऊ पडतंय. मऊ पडलं तरच घट्ट बसतंय."

गुरुपादय्यानं मुकाट्यानं हेड पुन्हा उघडलं. पत्रा तापून लाल झाला, निलम्मानं त्याच तांब्यानं पाणी ओतलं. चर्र झालं. मग मधल्या नटापासून कडेपर्यंत, थोडं थोडं करत त्यानं मला आवळलं.

सोमवारी मी बाजारात उभी होते, एक थेंब न गाळता. गुंडेरावांनी कौतुक म्हणून दोन पोती जास्त चढवली.

त्याला पाच वर्षं झाली. आता गुंडेरावांनी नवी लॉरी घेतलीय, उद्या मला मोडायला भंगारवाला येणार. गुरुपादय्या संध्याकाळी येऊन थाप मारून गेला. निलम्मा अजून मातीच्या घागरीनं पाणी भरते.

तेव्हा भंगारवाल्यांनो, एवढं ऐका. मला खुशाल मोडा, मी पुष्कळ धावले. पण घण घालण्याआधी नट हळू सोडा. आतला पत्रा निलम्माचा आहे, तो तिच्या दारात पोचवा. आणि निरोप नीट सांगा हं. तांबं म्हणायचं, तांब्या नाही.