वरचं तुझं, खालचं माझं

बटाट्याची काढणी आटोपली, शेतं उघडी पडली आणि सकाळी गाडीच्या काचेवर दहिवर गोठायला लागलं, की माझा भाऊ रेनाल माझी गाडी न्यायला यायचा. आमच्या राज्यात दर वर्षी गाडी तपासून घ्यावी लागते. पास झाली की पुढच्या काचेवर छोटासा स्टिकर लागतो, आणि आमच्या गावात तो लावण्याचा अधिकार एकट्या रेनालच्या गॅरेजला. सकाळी नेलेली गाडी संध्याकाळी दारात यायची. धुतलेली, हिवाळ्याचे टायर चढवलेली, काच पुसायचं पाणी काठोकाठ भरलेली. किल्ली माझ्या तळहातावर ठेवून तो म्हणायचा, "घे बाई. अजून एक हिवाळा नेईल तुला."

माझा नवरा एमिल गेला तेव्हा मला गाडीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पेट्रोलसुद्धा तोच भरून आणायचा. मग रेनालने मला अंगणात उभं करून शिकवलं. ऑइलची पट्टी काढ, पूस, परत घाल, परत काढ आणि मग बघ. टायरच्या खाचेत नाणं उलटं धर. नाण्यावरच्या लिंकनचं डोकं अख्खं दिसलं तर टायर संपला. कोठाराच्या भिंतीसमोर गाडी लावून दिवे पेटव. दोन्हींचा उजेड सारख्या उंचीवर पडला पाहिजे. ब्रेक किती खाली जातोय ते पायालाच विचार, पाय खोटं बोलत नाही.

मी सगळं शिकले. रविवारी चर्चच्या मिस्साला निघण्याआधी मी गाडीभोवती फेरी घालायचे, देवळात मेणबत्ती लावावी तितक्याच भक्तीने. एकदा गुडघे टेकून गाडीखाली डोकावायला गेले, तर रेनालने दंडाला धरून उठवलं.

"तिकडे नको. कोट खराब होईल. वरचं तुझं, खालचं माझं."

किती बरं वाटलं होतं तेव्हा. दुःखाचं ओझं कुणाला वाटून देता येत नाही, पण गाडीचं अर्धं ओझं तरी कुणी आपणहून उचललं होतं. आमची आई बटाटे वेचताना एक गाणं म्हणायची. पाठ वाकलेली, बोटं चिखलात, आणि ओठांवर हे:

भाऊ पाठीशी उभा, जसा दाराला अडसर,
वारा झोडपो बाहेर, आत ऊब रातभर.

वारा आमच्याकडे खूप. नदीवरून येतो आणि कुठे अडतच नाही. पण एमिल गेल्यानंतरही मला झोप लागायची. दाराला अडसर होता.

रेनालच्या स्टिकरवरून गावात थट्टा चालायची, नाही असं नाही. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण असतं. काकवीत रात्रभर शिजवलेले बीन्स, कुट्टूची धिरडी, कोबीची कोशिंबीर. तिथे लिओना हमखास म्हणायची, "रेनालच्या स्टिकरचा डिंक फार चांगला. गाडी गळून पडेल, स्टिकर नाही पडायचा." शेजारपाजारची पोरं आपल्या जुन्या व्हॅनमधून शाळेत पोचवणारी ही लिओना. मग कुणीतरी म्हणायचं, "तो गाडी तपासत नाही, फादरसारखा हात ठेवून आशीर्वाद देतो." सगळे हसायचे. बीन्सच्या पातेल्यामागे ॲप्रन बांधून उभा असलेला रेनालही हसायचा. मीही हसायचे. मनात म्हणायचे, लोकांच्या गाड्यांचं काय करतो ते त्याला ठाऊक. बहिणीची तो बघतोच.

या वर्षी तो गाडी न्यायला आला तेव्हा मी भांडी घासत होते. पाठमोरीच म्हणाले, "यंदा नीट बघ हं. जोस्लिनला देऊन टाकतेय. तिची गाडी बंद पडली. हॉस्पिटलातली ड्यूटी संपली की घरी यायला रोज कुणाची तरी मनधरणी करते पोर. मला काय, नोकरी संपली, आता चर्च आणि दुकान."

मागे कॉफीचा घोट अडल्यासारखा आवाज झाला. जोस्लिन माझी एकुलती एक. लहानपणी ती रेनालच्या खांद्यावर बसूनच गाव हिंडली.

"चांगली गाडी आहे," तो म्हणाला.

मग उठला आणि स्वतःचा कप स्वतः विसळून ठेवला. असं त्याने जन्मात कधी केलं नव्हतं. संध्याकाळी गाडी आली, नवा स्टिकर लावून.

पुढच्या आठवड्यात मी गाडी घेऊन जोस्लिनकडे बँगोरला निघाले. तिच्यासाठी मागच्या सीटवर धिरड्यांचं पीठ आणि बटाट्याचं पोतं. अर्ध्या वाटेवर गाडीच्या पोटातून खडखड ऐकू यायला लागली. कुणी डबा फरफटत नेतंय अशी. थांबले, उतरले. ऑइल ठीक. टायर ठीक. दिवे ठीक. माझ्याकडचं सगळं ठीक होतं. आवाज खालचा होता.

हमरस्त्यालगत एक गॅरेज दिसलं. तिथे मार्ला नावाची बाई मेकॅनिक होती, पाठीवर करडी वेणी, डोळ्यांत हसू. "खडखडतेय ना? बघू, पोट दुखतंय का पाठ," म्हणत तिने गाडी लिफ्टवर घेतली. चाकं जमिनीवरून सुटली, आणि शिळा पाव मुठीत चुरावा तसा आवाज आला. गाडी एका अंगाला कलली. मार्लाने झटकन खाली घेतली, लिफ्टचे हात दुसऱ्या जागी लावून पुन्हा हळूहळू वर नेली. आता तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

"इकडे या, बाई."

माझ्या गाडीचं पोट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. काळंभोर, चकचकीत.

"डांबर ताजं आहे," मार्ला म्हणाली. तिने बोटांची हाडं पुढच्या बाजूला लोखंडावर वाजवली. टण्. "हे चांगलं लोखंड. ऐकलंत? आता हे ऐका." दाराखालच्या पट्टीवर वाजवलं. कुजक्या भोपळ्यासारखा फसका आवाज आला. तिने स्क्रूड्रायव्हर खुपसला, सालीसारखं डांबर सुटलं, आणि आतून रंग दिसला. लाल. पांढरा. एक घोडा. घोड्यामागे घसरगाडी. बर्फात बुडालेलं खोपटं.

तो मेपलच्या पाकाचा डबा होता. दर नाताळला मी रेनालला रिबीन बांधून देते, तो. कापून, ठोकून सपाट केलेला आणि रिव्हेट मारून बसवलेला. पलीकडच्या बाजूला आणखी एक. तिथे घोड्याची नुसती डोक्याकडची बाजू होती.

"लोखंड कुठे आहे?" मी विचारलं.

"लोखंड नाही हो. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्लं. तुमची सीट या डब्यांवर टेकलीय. बाजूने कुणी धडकलं असतं तर दार थेट मांडीवर." तिने बोट एका नळीवर फिरवलं, बोटाला तांबडी पूड लागली. "आणि ही ब्रेकची. एखाद्या दिवशी पाय दाबला असतात आणि तो खाली गेला तो गेलाच." मग ती पुढच्या काचेकडे पाहत राहिली. "हा स्टिकर तर नवा आहे. कुणी लावला?"

"गावातल्या एकाने."

माझा भाऊ माझ्याच तोंडून गावातला एक झाला.

"ही गाडी मी तुम्हाला चालवू देणार नाही. रागवायचं तर रागवा."

"नाही रागवत," मी म्हटलं, आणि जोस्लिनला फोन लावला.

"असं कसं, ममाँ? मोनाँक रेनालनी आत्ताच पास केली ना?" मामाला ती अजूनही मोनाँकच म्हणते, लहान पोरीसारखी.

"हो. पास केली."

मार्लाने घोड्याचा तुकडा फडक्यात गुंडाळून दिला. बटाट्याचा एक रिकामा ट्रक आमच्या बाजूला परतत होता, त्यात बसून आले. ट्रकवाला सारखा हवेचं बोलत होता. मी हूं हूं करत होते. मांडीवरचं फडकं अंडी असल्यासारखं धरून.

रेनाल गॅरेजात एकटाच होता. मी फडकं सोडून पत्रा त्याच्या टेबलावर ठेवला. हे काय, असं त्याने विचारलं नाही.

"गाडी कुठे लिफ्टवर घेतली?" एवढंच म्हणाला.

"हे तू मला विचारतोस?"

"कोरीन, बस जरा."

"उभीच बरी आहे."

तो हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते. "एमिल गेला त्याच वर्षी ती खालून संपली होती. नापास केली असती तर कामावर कशी गेली असतीस? दुसरी गाडी घ्यायची ताकद होती तुझी? म्हटलं, हा एक हिवाळा काढू. मग पुढचा आला."

"आणि तू डबे ठोकत गेलास."

"वारा सुटला आणि तू रस्त्यावर असलीस की मला झोप लागायची नाही."

"मला लागायची," मी म्हटलं. "छान लागायची."

तो पुन्हा हात पुसायला लागला.

"जोस्लिनला देतेय म्हणून सांगितलं, तेव्हा?"

"इतकी वर्षं चांगली म्हणालो. त्या दिवशी वाईट कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?"

"याच. ज्या तोंडाने कॉफी पीत होतास."

बाहेर कुणाची तरी गाडी गेली. आम्ही दोघांनीही आवाजाकडे कान दिला, ती दूर जाईपर्यंत.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "लायसन जाईल माझं. आणि लोकांना काय नवीन आहे त्यात? मी बघत नाही, म्हणून तर येतात ते माझ्याकडे."

"म्हणजे माझीपण तू..."

"नाही गं. तुझी बघितली. गावात तुझी एकटीचीच तर बघितली."

भेटवस्तू पुढे करावी तसं म्हणाला तो हे.

मी पत्रा पुन्हा गुंडाळला. "शनिवारी सगळे जेवायला असतील. तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

शनिवारी हॉल भरला होता. रेनाल नेहमीसारखा पातेल्यामागे उभा. माझ्या ताटात त्याने बीन्स वाढले, जरा जास्तच, आणि नजर वर केली नाही. मी वाट पाहिली. फादरची प्रार्थना झाली, धिरडी आली, लोणी फिरलं. पातेल्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला तरी तो बोलला नाही. मग मी उठले आणि लोण्याशेजारी घोड्याचा पत्रा ठेवला.

"हे माझ्या गाडीखालून निघालंय," मी म्हटलं. "सीट यावर होती. वर नवा स्टिकर आहे. जेवण झालं की सगळ्यांनी आपापल्या गाडीखाली बघा. दाराखाली बोटांनी ठोकून बघा, आवाज सांगतो."

कुणी रेनालकडे पाहिलं नाही. सगळे आपापल्या ताटात बघत होते. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला की यात कुणालाच आश्चर्य वाटलेलं नाही.

"बस गं, कोरीन," लिओना हळूच म्हणाली. "माहीत आहे आम्हाला. बीन्स गार होतील."

"तू पोरं नेतेस त्या व्हॅनमधून."

"मग काय चालत नेऊ? त्याने नापास केली तर दुसरी कुठून आणू? सगळ्यांचंच तसं आहे." तिचा आवाज मऊ होता, म्हणून अधिक लागला. "तूही हसायचीसच की आमच्याबरोबर. तुला वाटलं, तुझी तेवढी वेगळी."

खोटं नव्हतं. मी कोट घेतला. पत्रा तिथेच राहिला, लोण्याजवळ.

बाहेर पाच वाजताच अंधार पडला होता. मिठाची गाडी नुकतीच रस्त्यावरून गेली असावी. पायाखाली मीठ कुरकुरत होतं. वळणावरून मागे पाहिलं. लिओना हॉलच्या दारात आली होती, एकटी, आपल्या व्हॅनकडे बघत. वाकते का ते पाहायला मी थांबले नाही.

एकेक गाडी मागून यायची, वेग कमी करायची. "चल, सोडतो घरी." मी मान हलवायचे. शेवटी एक ट्रक आला तो पुढे गेलाच नाही. माझ्या चालीने मागे मागे सरकत राहिला, त्याच्या दिव्यांनी माझी सावली लांबच लांब पुढे पडत होती. मला आवाजानेच कळलं कोण ते.

घरापाशी रेनालने ट्रक माझ्या बरोबरीने आणून दार उघडलं. "दोन मिनिटं बस आत. गारठलीस."

मी वाकले. रविवारच्या कोटासकट गुडघे मिठाच्या चिखलात टेकले. या वेळी दंडाला धरून उठवायला तो उतरला नाही. हातमोजा काढला आणि बोटांची हाडं त्याच्या दाराखालच्या पट्टीवर वाजवली.

टण्.

थोडं पुढे सरकून पुन्हा वाजवली. टण्. चाकापासून चाकापर्यंत खणखणीत लोखंड, कुठे फसकं नाही, कुठे डांबर नाही. जोडलं होतं तिथे वेल्डिंगची रेघ हाताला लागली, सुबक, आईच्या टाक्यासारखी.

रेनाल स्टिअरिंगकडे बघत होता.

"स्वतःचा चांगला ठेवलायस," मी म्हटलं, आणि उठून घरात गेले. बराच वेळ त्याचे दिवे माझ्या भिंतीवर पडून होते, दोन्ही सारख्या उंचीवर.